खोटा आवाज, खरं गाणं : क्वीअर पॉप समजून घेताना

मागच्या महिन्यातली गोष्ट. शिकवणी संपली, मुलं दणादण जिना उतरून गेली आणि एका विद्यार्थ्याची आई मागे थांबली. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना अरुंद, वरचं बोलणं खाली ऐकू जातं. मुलगा पार रस्त्यावर पोचल्याची खात्री करून ती हळूच म्हणाली, "ताई, याचा आवाज जरा जाड होईल असं काही करता येईल का? खर्जाचा रियाज वगैरे?"

मुलगा पंधरा वर्षांचा. आवाज फुटून वर्ष उलटलं तरी काळी चारमध्ये, म्हणजे बऱ्याच उंच पट्टीत, सहज गातो, आणि फार सुरेल गातो. मी म्हटलं, "कशाला? छान आहे की." तेव्हा तिचे डोळे भरून आले. शाळेत गुजराती मुलं त्याला 'बायलो' म्हणतात, मराठी मुलं 'बायल्या'. (दोन्ही भाषांत ही शिवी जवळजवळ एकच आहे. इतकी वर्षं बडोद्यात राहून हे मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचलं.) आठवड्यापूर्वी चौघांनी त्याला सायकल स्टँडमागे नेलं, "मर्दासारखा बोल" म्हणत थोबाडीत मारल्या आणि मोबाइलवर शूटिंग केलं. तेव्हापासून तो रात्र रात्र कानात हेडफोन घालून इंग्रजी गाणी ऐकतो. मोठ्या बहिणीनं आईला सांगितलं, याला 'क्वीअर पॉप' म्हणतात. "ताई, हे नक्की काय असतं? या गाण्यांमुळेच तर तो असा झाला नाही ना?"

जिन्यात उभ्या उभ्या मी तिला जे सांगितलं ते तुटपुंजं होतं. जून महिना आला की वर्तमानपत्रांत 'प्राइड' आणि 'क्वीअर' हे शब्द दिसतात, त्यांच्याखाली रंगीबेरंगी फोटो असतो आणि अर्थ कुणीच सांगत नाही. म्हणून तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या गोंधळलेल्या, धास्तावलेल्या आईवडिलांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी शब्द समजून घेऊ

'क्वीअर' म्हणजे इंग्रजीत मुळात 'विचित्र'. समलिंगी माणसांना हिणवायला हा शब्द वापरत. 1990 च्या सुमारास त्याच माणसांनी तो उचलला आणि स्वतःचं नाव म्हणून लावायला सुरुवात केली. आज त्यात समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी म्हणजे ट्रान्सजेंडर आणि स्त्री-पुरुष या दोन्ही कप्प्यांत न बसणारी माणसं अशी सगळी येतात. 'प्राइड' म्हणजे अभिमान; या माणसांच्या जूनमधल्या मिरवणुकांना आणि उत्सवाला तेच नाव आहे, आणि इंद्रधनुष्य ही त्याची खूण.

दुसरा शब्द 'लिंगभाव'. शरीर जन्मानं मिळतं. त्या शरीराच्या माणसानं कसं चालावं, काय नेसावं, कुठल्या पट्टीत बोलावं, कुणावर प्रेम करावं, याची यादी मात्र समाज हातात देतो. ती यादी म्हणजे लिंगभावाचे नियम. मी पेटी शिकवते, म्हणून पेटीचंच उदाहरण देते. पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांच्या मधला सूर ती काढू शकत नाही. याच कारणासाठी आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. गळ्याला असं बंधन नसतं. मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकताना, तो मधल्या प्रत्येक जागेवरून जातो. लिंगभावाचे नियम पेटीसारखे आहेत आणि माणसं गळ्यासारखी आहेत.

पॉप म्हणजे अर्थातच लोकप्रिय गाणी : तीन-चार मिनिटांची, सोप्या चालीची, रिक्षात, लग्नात, दुकानात वाजणारी. क्वीअर माणसांनी स्वतःच्या जगण्याबद्दल केलेलं, किंवा त्यांनी आपलंसं केलेलं असं गाणं म्हणजे क्वीअर पॉप. एवढंच.

आवाजाला लिंग असतं का?

आवाज कसा फुटतो ते आधी सांगते, कारण त्या आईची काळजी तिथूनच सुरू झाली. वयात येताना मुलांच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे स्वरयंत्र वाढतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तंबोऱ्याची जाड तार खाली बोलते तसंच हे. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारणपणे सेकंदाला 100 ते 130 कंपनांचा, बाईचा 200 च्या आसपास. पण ही सरासरी झाली. कुणाचे तंतू कमी वाढतात, कुणाचे उशिरा. आवाज बारीक असला म्हणून मुलगा समलिंगी ठरत नाही, आणि समलिंगी असला म्हणून आवाज बारीक असतो असंही नाही. या दोन गोष्टींची गाठ आपणच मारून ठेवली आहे.

आणि गाण्यात तर ही गाठ आपल्याच लोकांनी कितीदा सोडली! अब्दुल करीम खाँसाहेब इथल्याच, बडोद्याच्या दरबारात होते. त्यांचा आवाज बारीक, टोकदार, गोड. त्यांना कुणी 'मर्दासारखे गा' म्हटलं नाही. त्यांच्याच किराणा घराण्यातल्या गंगूबाई हनगल यांचा आवाज घशावरच्या उपचारानंतर इतका भारदस्त झाला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातो आहे असं वाटे. त्याच आवाजावर त्या गाण्याच्या दुनियेत मानानं उभ्या राहिल्या.

बालगंधर्वांचं नाव तर या शहरात वेगळं सांगायला नको. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. त्यांच्या नऊवारीची, दागिन्यांची, गजऱ्याची नक्कल घरंदाज बायका करत. इथे मला दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. एक, बालगंधर्वांना आज क्वीअर म्हणणं बरोबर नाही; स्वतःबद्दल असं ते कधी म्हणाले नाहीत. दुसरी, पुरुष स्त्रीपार्टी करत कारण घरंदाज बाईला रंगभूमीवर यायला बंदी होती, म्हणजे ते काही मोकळेपणाचं लक्षण नव्हतं. पण एवढं नक्की, की पुरुषाच्या देहातून आलेलं बाईपण बघून आपले आजे-पणजे रडले आणि त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच महाराष्ट्रात तमाशातल्या नाच्यावर मात्र लोक फिदीफिदी हसले. देह पुरुषाचाच, हावभाव बाईचेच. एकाला शालू आणि दुसऱ्याला शिवी. फरक कलेच्या दर्जाचा होता असं म्हणून मी पूर्वी सोडून देत असे. आता वाटतं, फरक जातीचा आणि पैशाचाही होता.

थोबाडीत बसते ती कुठून येते?

हिंसा म्हटलं की डोळ्यांपुढे रक्त येतं. पण तिची सुरुवात फार आधी होते, हसण्यानं. कुणीतरी नियम मोडला की आधी खाकरणं, मग टोपणनाव, मग नक्कल, मग सायकल स्टँड. प्रत्येक पायरीवर आजूबाजूचे गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यातून पुढच्या पायरीला परवानगी मिळते.

कायद्यानंही ही परवानगी दिली होती. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. नोंदणी झालेल्या हिजड्यानं बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं, आणि लोकांसमोर नाचणं किंवा वाद्य वाजवणं हासुद्धा गुन्हा. विनावॉरंट अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. गाणं-नाचणं सरकारला इतकं धोक्याचं वाटलं होतं! समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 त्याच काळातलं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2009 साली ते सैल केलं, 2013 मध्ये ते परत आलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं. मधल्या काळात, 2014 साली, पारलिंगी माणसांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मिळाला होता.

म्हणजे सगळं मिटलं का? नाही. 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली गेली. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहे. कोणाच्या अंगाची किंमत किती, हे कायद्याच्या पुस्तकात असं आकड्यांत दिसतं.

आपल्या शेजारचंच उदाहरण बघा. राजपीपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल यांनी 2006 साली आपण समलिंगी असल्याचं एका गुजराती वर्तमानपत्रातून जाहीर केलं. गावात त्यांचे पुतळे जाळले गेले. घरच्यांनी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस दिली. राजघराण्यातल्या माणसाची ही गत, तर सायकल स्टँडमागच्या मुलाला कोण विचारतो?

मग गाणं नेमकं करतं काय?

आपण गळ्याच्या नैसर्गिक मर्यादेपलीकडे वर जाऊन जो पातळ सूर लावतो त्याला आपल्याकडे 'खोटा आवाज' म्हणतात. शिकवताना मी स्वतः शंभरदा म्हटलं आहे, "खोट्या आवाजात जाऊ नकोस." आता सिल्व्हेस्टर या अमेरिकन गायकाबद्दल सांगते. कृष्णवर्णीय, समलिंगी, लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये लहानपणी भजनं गाणारा. वयात आल्यावर त्याचं वागणं-बोलणं चर्चला खपेना, घरातही खपेना. 1978 साली त्याचं गाणं आलं, 'यू मेक मी फील (मायटी रिअल)'. नावाचा अर्थ साधारण असा : तुझ्यामुळे मला मी अगदी खरा वाटतो. आणि हे तो कोणत्या आवाजात गातो? खोट्या! चर्चमध्ये देवासाठी चढवलेला तोच सूर त्यानं नाचायच्या जागी आणला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेटीवरचा हात काढून नुसती ऐकत बसले. ज्या आवाजासाठी मार बसतो, त्याच आवाजात माणूस सांगतो आहे की मी खरा आहे.

दुसरं गाणं त्या मुलाच्या मोबाइलवर होतं. ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश बँडचं 'स्मॉलटाउन बॉय', 1984 सालचं. तोच वर चढणारा आवाज, जिमी सॉमरव्हिलचा. चित्रफितीत एका लहान गावातल्या मुलाला टोळकं मारतं, पोलीस त्याला घरी आणून सोडतात, आणि घरी सगळं उघड होतं. शेवटी तो बॅग घेऊन निघतो. बाप हातात पैसे ठेवतो, पण मुलानं पुढे केलेला हात हातात घेत नाही. मुलगा आगगाडीत बसतो, संपलं. त्या न घेतलेल्या हातापाशी मी तीनदा थांबून परत बघितलं. त्यात कुणी भाषण करत नाही. पण ज्याला असा मार बसला आहे त्याला हे बघून एवढं कळतं की आपल्यासोबत घडलेल्या गोष्टीला तोंड आहे, नाव आहे, चाल आहे, आणि ती आपल्या एकट्याची नाही. मारणाऱ्याचं मोठं हत्यार एकटेपणा हेच असतं. गाणं त्या हत्याराची धार घालवतं.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ही मराठी माणसाला जास्त चटकन कळेल. इंग्रजीत 'मी येतो' आणि 'मी येते' सारखंच. आपल्याकडे तोंड उघडलं की क्रियापद लिंग सांगून मोकळं होतं. मराठीत एका मुलानं मुलाबद्दल प्रेमगीत लिहायचं म्हटलं तर त्याला ओळीओळीला ठरवावं लागतं : लपायचं की सांगायचं? तरी आपल्या परंपरेनं हा खेळ किती केला आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी बाई आहे. शाहिरांनी लावण्या लिहिल्या त्या बाईच्या तोंडी. गवळण तर भजनी मंडळातले मिशीवाले काका डोळे मिटून म्हणतात आणि कुणाला वावगं वाटत नाही. क्वीअर पॉप हाच दरवाजा उघडतं, फरक एवढाच की तिथे गाणारा देवाचं किंवा नाटकाचं निमित्त पुढे करत नाही.

आणि चौथी गोष्ट गर्दी. डिस्को हे संगीत न्यूयॉर्कच्या ज्या क्लबांमध्ये वाढलं तिथे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळी एकत्र नाचत. प्रत्येक मात्रेवर ठोका, म्हणजे न येणाऱ्यालाही नाचता यावं. हे काहींना इतकं झोंबलं की 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोट करून उडवली गेली आणि हजारो लोक मैदानात घुसले. त्याच शिकागोत, थोड्याच वर्षांत, फ्रँकी नकल्स या समलिंगी डीजेच्या हातून हाउस संगीत उभं राहिलं. तो चार ठोक्यांचा ताल आज आपल्या लग्नाच्या वरातीत वाजतो. तुमचे काका-मामा ज्यावर हात वर करून नाचतात, त्याचं माहेर ते आहे.

पण हे सगळं परदेशी फॅड नाही का?

त्या आईचाही हाच प्रश्न होता. तिला मी फ्रेडी मर्क्युरीचं सांगितलं. 'क्वीन' या जगप्रसिद्ध बँडचा गायक. मूळ नाव फारूख बलसारा, पारशी, आडनाव आपल्या वलसाडवरून. मुंबईला जाताना आपण दर वेळी ओलांडतो ते स्टेशन. शाळा पाचगणीची, पहिला बँडही तिथल्या मुलांचाच. 1984 च्या एका चित्रफितीत तो मिशी तशीच ठेवून, स्कर्ट घालून घरात केर काढतो. अमेरिकेत ते अनेकांना पचलं नाही. त्यानं स्वतःला कुठलं लेबल लावून घेतलं नाही. 1991 साली एड्सनं तो गेला.

बहुचराजी तर आपल्याच मुलखातली. पावय्यांची, हिजड्यांची देवी, तिचं देऊळ गायकवाडांनी उभारलं. बाळ जन्मलं की ढोलकी आणि टाळी घेऊन येणाऱ्यांचं गाणं आपल्या दारात कितीतरी पिढ्या वाजतं आहे. 2016 मध्ये 'सिक्स पॅक बँड' हा पारलिंगी गायकांचा बँड आला तेव्हा तो नवीन वाटला, पण त्यांची टाळी जुनीच होती.

आणि फाल्गुनी पाठक? पँट-शर्ट, आखूड केस, आणि नवरात्रात तिच्या आवाजावर अख्खा गुजरात फेर धरतो. तिच्या खासगी आयुष्याशी आपल्याला काही घेणंदेणं नाही. पण बाईनं कसं दिसावं याची यादी तिनं बाजूला ठेवली आणि कुठल्याही आजीला ते खटकलं नाही, कारण सूर पक्का होता.

गाणी ऐकून मुलं अशी होतात का?

नाही. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 ला ते आजारांच्या यादीतून काढलं. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 साली गैरवर्तन ठरवलं आहे. गाण्यानं कुणी बदलत असतं, तर आयुष्यभर स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची सिनेमातली गाणी ऐकून सगळेच एकसारखे झाले असते. मुलगा ही गाणी ऐकतो यावरून तो कोण आहे ते मला कळत नाही, त्याच्या आईलाही कळायची घाई नसावी. त्याला दुखलं आहे आणि तो दुखण्यावर लावायला काहीतरी शोधतो आहे, एवढं कळतं.

कंपन्या यावर पैसे कमावतात, त्याचं काय?

हो, कमावतात. सिक्स पॅक बँडमागेही चहाची कंपनी होती. जूनमध्ये इंद्रधनुष्य लावायचं आणि जुलैत काढायचं, हे मलाही आवडत नाही. पण आपल्याकडे देवाची भजनंसुद्धा कंपन्यांनीच कॅसेटवर विकली, म्हणून भजन खोटं झालं नाही.

गाण्यानं मार थांबतो का?

हा प्रश्न सगळ्यात कठीण आहे आणि याला गोड उत्तर नाही. 12 जून 2016 ला अमेरिकेत ऑर्लँडोच्या 'पल्स' या क्लबात, गाणं चालू असताना, एका बंदूकधाऱ्यानं 49 माणसं मारली. गाणं ढाल नाही. मार थांबवायला शाळा लागते, पोलीस लागतात, कायदा लागतो, आणि बघून गप्प न बसणारी माणसं लागतात. आपल्या बडोद्यात 'लक्ष्य ट्रस्ट' 2000 सालापासून या समाजासाठी काम करते आहे, त्यांच्यासारखे लागतात. गाणं त्याच्या आधीचं काम करतं. मार खाल्लेल्याला वाटत असतं की चूक आपलीच. ते वाटणं गाणं हलवतं. आणि जोवर ते हलत नाही तोवर कुणी तक्रार लिहायला पेन उचलत नाही.

त्या आईनं उचललं. शाळेला लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली, शूटिंग पुसायला लावण्याआधी त्याची प्रत ठेवा असं मी सांगितलं होतं तेही केलं. शाळा काय करते ते बघायचं आहे. अजून नुसतीच "बोलावतो" आहे.

खर्जाचा रियाज मी त्याला देते, पण सगळ्यांना देते तेवढाच. "आवाज जाड करायला नाही, खालचे सूरही तुझे आहेत म्हणून," असं त्याला सांगितलं. मग त्यानं विचारलं, ते सिल्व्हेस्टरचं गाणं पेटीवर बसतं का? आम्ही अर्धा तास बसवत होतो. वरच्या जागेला तो दचकून थांबला, खिडकीकडे बघितलं. रस्त्यावरून कुणी ऐकेल म्हणून. मी भाता चालूच ठेवला आणि षड्ज धरून राहिले. तो परत वर गेला.

एरवी त्याची आई खाली स्कूटरपाशी थांबते. त्या गुरुवारी ती वर आली आणि दाराशी चपला काढून सतरंजीवर बसली.